नादार साडूंची खास निवड

रोह्याच्या बाजारात आजवर पुष्कळ दुकानदार होऊन गेले असतील, पण समोरच्याला 'नाही' म्हणता न येणारा इतका अट्टल माणूस दुसरा झाला नसेल. ते माझे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. पंखे, मिक्सर, टीव्ही असं त्यांचं दुकान होतं आणि सगळा माल हप्त्यांवर मिळायचा. माल द्यायला ते उत्साहाने जात, हप्ता मागायला जायचं म्हटलं की त्यांना दुसरी दहा कामं आठवत. एकदा मला, पेणच्या शाळामास्तराला, सोबतीला घेऊन ते कासू गावाच्या बाजूला वसुलीला गेले. दारात उभं राहून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "पंखा बरा चालतोय ना?" घरातली म्हातारी म्हणाली, "चालतो हाय, पन वारा नाय लागत." झालं. साडूंनी तिची माफी मागितली, पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून मोठ्या पात्यांचा पंखा पाठवून दिला. मी म्हटलं, "भाऊ, आणि हप्ता?" तर म्हणाले, "मास्तर, आधीचा वाराच तिला पुरला नाय. कुठल्या तोंडाने मागू?"

असं दुकान किती दिवस चालणार? तरीही ते बरीच वर्षं चाललं, कारण आसपासच्या कारखान्यांतली कामगार मंडळी पगाराच्या दिवशी आपण होऊन पैसे आणून देत. मग त्यातली एक मोठी कंपनी बंद पडली. कामगार बिऱ्हाडं आवरून आपापल्या गावी निघाले, आणि त्यांच्याबरोबर साडूंचे टीव्हीही निघाले. ते निघाले हे साडूंना कळलं नाही असं मुळीच नाही. ते स्वतः टेम्पोत चढून टीव्हीला खालून गोधडी लावून देत होते. वाटेत खड्ड्यांनी ट्यूब जायला नको!

शेवटी वकिलांनी त्यांना अलिबागच्या कोर्टात नादारीचा अर्ज करायला लावला. माझी देणी आता माझ्याच्याने फिटत नाहीत, राहतं घर सोडून आहे ते सगळं घ्या आणि मला मोकळं करा, असा तो अर्ज. त्यावर सही करून साडू घरी आले. आठ दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मेहुणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा, मला पेणला फोन आला, "जेवत नाहीत हो. तुम्ही येऊन जा."

मी निघणार तोच पेणच्या रामवाडीत माझ्या दारात साडूच हजर. हातात एक गुळगुळीत लिफाफा, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडं तेज. पत्र इंग्रजीत होतं म्हणून ते माझ्याकडून वाचून घ्यायला आले होते. एका बँकेने त्यांना क्रेडिट कार्ड देऊ केलं होतं.

"तुमची खास निवड झाली आहे, असं म्हणतात," मी सांगितलं.

"माझी? कशाबद्दल?"

"तुमच्या उत्तम आर्थिक शिस्तीबद्दल."

साडूंनी पत्र माझ्याकडून घेतलं आणि घडी घालून पुन्हा लिफाफ्यात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "बघा. कोणाला तरी ठाऊक हाय."

मी त्यांना समजावलं की असली पत्रं गठ्ठ्याने निघतात, ती केराच्या टोपलीत टाकायची. ते एवढे दुखावले की मला माझीच लाज वाटली. माणसाने पत्र लिहावं आणि आपण उत्तर देऊ नये, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. दुकानाच्या बिलबुकांतला कार्बन उरला होताच. त्याच रात्री त्यांनी मराठीत उत्तर लिहिलं आणि दुसरी प्रत जपून ठेवली. ती मी पाहिली आहे. 'आपले पत्र पावले. माझी निवड केलीत हे वाचून मन भरून आले. तथापि मी सध्या नादार होण्याच्या मार्गावर असून अर्ज अलिबागच्या कोर्टात आहे. आपले पैसे बुडू नयेत म्हणून वेळीच कळवीत आहे. घरी सर्वांस नमस्कार.'

बँकेने या पत्राचं काय केलं कोण जाणे, पण पंधरा दिवसांत उलट पत्र आलं. आपण दाखवलेल्या उत्सुकतेबद्दल आभार, आणि आता कार्डाची मर्यादा वाढवून मिळेल. साडूंनी पुन्हा कळवलं, मर्यादा पुन्हा वाढली. "मास्तर, मी जेवढं खरं सांगतो तेवढी यांची माया वाढते हो!" असं म्हणून ते पुढचं उत्तर लिहायला बसत. ताई वैतागून म्हणायच्या, "अहो, निदान घरी सर्वांस नमस्कार तरी लिहू नका." पण ते जेवायला लागले होते, म्हणून त्या पोस्टाची तिकिटं आणून देत.

एक ओळखीचा दलाल तर घरी येऊन सांगून गेला, "चार कार्डं घ्या, जुनी देणी भागवा, कोर्टाला कळतंय काय!" साडूंनी त्याला चहा दिला. नाही म्हणता येत नव्हतं म्हणून ते मागच्या दाराने नदीवर निघून गेले, आणि तो जाईपर्यंत परतले नाहीत.

आणि याच पत्रांनी ऐन तारखेला घात केला. कार्ड देऊ करणारी बँक आणि दुकानाला कर्ज दिलेली बँक एकच निघाली. बँकेच्या वकिलांनी कोर्टात उभं राहून सांगितलं, "हा माणूस नादार असल्याचं सोंग करतोय. इकडे अर्ज चालू असताना याने आमच्या कार्ड विभागाशी अकरा वेळा पत्रव्यवहार केलाय. आवक नोंदवहीत नोंदी आहेत." आमच्या वकिलांचा चेहरा उतरला. अर्ज फेटाळला गेला तर सगळे घेणेकरी पुन्हा दारात येणार आणि राहतं घरही जाणार, हे आम्हाला माहीत होतं. ताईंनी माझा दंड घट्ट धरला.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "पत्रं लिहिलीत?"

"व्हय, लिहिली," साडू म्हणाले. "न लिहून कसं चालेल?"

"काय लिहिलंत?"

साडूंनी पिशवीतून कार्बन प्रतींचा गठ्ठा, बँकेच्या बारा पत्रांसकट, काढून दिला. बाईंनी पहिली प्रत वाचली, दुसरी वाचली, तिसरीला चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांनी एक पत्र नमस्कारासकट मोठ्याने वाचलं, तेव्हा मागच्या बाकांवरची पक्षकार मंडळीही हसायला लागली. "वकीलसाहेब," बाई म्हणाल्या, "यांनी तुम्हाला अकरा वेळा सावध केलं आणि तुम्ही बारा वेळा कार्ड देऊ केलंत. सोंग कोण करतंय?" त्या दिवशी साडू कायद्याने नादार ठरले. बाहेर आल्यावर ते बँकेच्या वकिलांना गाठून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला बँकेने कागदच अपुरे दिले हो."

परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. पोयनाड मागे पडल्यावर म्हणाले, "सगळे हसले तेव्हा वाटलं, मला हसतात."

"छे हो, भाऊ."

"नाय, मलाच हसत होते. पण बरं वाटलं."

दुकान गेलं, घर राहिलं. साडू पंखे दुरुस्त करत गावोगाव फिरू लागले, कोलाडपासून पेणपर्यंत. कुठला पंखा कुणाच्या घरी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लोक पैसे देत, तांदूळ देत, जेवायला घालत. पत्रं यायची हळूहळू थांबली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, पण पोस्टमन दिसला की बोलता बोलता थांबायचे.

गेल्या चैत्रात ते आमच्याकडे आले. माझ्या खोलीतला पंखा कुरकुरतोय, असं मी सहज म्हणालो होतो. वय झालंय, राहू द्या म्हटलं तर ऐकेनात. टेबलावर स्टूल ठेवून चढले. स्टूल डगमगू लागलं म्हणून मी खाली उभं राहून त्यांचे दोन्ही पाय धरले. घोटे किती बारीक झाले होते! वरून ते म्हणाले, "सोडा हो मास्तर, पाय काय धरता? पडत नाय मी."

मी सोडले नाहीत. काम झाल्यावरही थोडा वेळ धरूनच होतो.