करंगळीच्या बाजूचं हाड

शहादा तालुक्यात उपनिरीक्षक असताना पाहिलेला एक एक्स-रे अजून माझ्या डोळ्यांपुढे येतो. खातं मी लवकरच सोडलं, तो मात्र सुटला नाही. नावं इथे कुणाचीच देत नाही.

सकाळची हजेरी संपत असताना ठाण्यात एका बाईचा फोन आला. "शेजारनी म्हातारी दवाखानामा शे. पडनी म्हनीसन सांगतीन, पन ती पडनी नही." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

हवालदारांना घेऊन मी रुग्णालयात गेले. म्हातारीच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. उजव्या हातात तिने शेजारी बसलेल्या सुनेच्या पदराचं टोक धरलं होतं. मला वाटलं, आधारासाठी.

"वट्टावरथीन पडनू, माय. पाय सरकना," ती म्हणाली. "कोन्ही मारं नही."

सून खाली बघत होती.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. अहिराणी कानात बसायला वेळ लागत होता, म्हणून लोक बोलू लागले की मी त्यांच्या हातांकडे बघायचे. ओट्यावरून पडताना हात कसा टेकला, असं विचारलं. म्हातारीने क्षणभर पदर सोडून तळहात पुढे केला, "असा," आणि पुन्हा टोक धरलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस. तळहात पालथा केला की ते फिरतं. करंगळीच्या बाजूचं अल्ना. ते जवळपास जागीच राहतं.

"तळहातावर पडलं तर या वयात बहुतेकदा रेडियस मोडतं, मनगटाजवळ," डॉक्टर म्हणाले. "इथे ते धड आहे. अल्ना मधोमध मोडलंय. वार अडवायला हात वर केला की असं होतं. शंभर टक्के मी म्हणणार नाही, पण पडण्याशी हे जुळत नाही."

घरात म्हातारी, मुलगा आणि सून, तिघंच राहत. मुलगा ट्रॅक्टर चालवायचा. त्याला ठाण्यात बोलावलं.

"मायवर हात उचला नही मी, मॅडम. तिनी आण."

त्याची नजर ढळली नाही. खोटं बोलणारा सहसा इतक्या सरळ आईची शपथ घेत नाही. मी पाकिटातून एक्स-रे काढला.

"मॅडम, आता हाडाचाच जबाब नोंदवायचा का?" हवालदार हसले, आणि हातातली वर्तमानपत्राची गुंडाळी त्यांनी अचानक त्याच्या डोक्यावर उगारली. त्याचा हात आपोआप वर गेला.

"तसाच राहा," मी म्हणाले. करंगळीची बाजू वाराकडे होती. मी एक्स-रे त्याच्या हाताशेजारी धरला. "आईचं इथेच मोडलंय. ती पडलेली नाही."

तो फिल्मकडे बघत राहिला. हात खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

"तिले मारं नही मी," तो पुटपुटला. "तिले नही."

"मग कोणाला?"

त्याने मान फिरवली. मला तेवढं पुरलं.

महिला शिपायाला घेऊन मी पुन्हा रुग्णालयात गेले. सुनेला व्हरांड्यात नेणार होते, पण म्हातारी पदर सोडेना. शेवटी खाटेजवळच विचारलं, "वार तुझ्यावर होता ना?"

"गप ऱ्हाय व!" म्हातारी ओरडली. "घर मोडी जाई!"

"तुमना हात मोडना, आत्याबाई. आते कितला दिन गप ऱ्हाऊ?" सून पहिल्यांदाच वर बघून बोलली. "घाव मन्हा डोकावर व्हता, मॅडम. आत्याबाईनी हात आडा करा."

सुनेची फिर्याद घेतली. गुन्हा गंभीर दुखापतीचा. त्याने उगारलेली कपडे धुण्याची लाकडी मोगरी पंचनामा करून जप्त केली. मुलाने शपथ खोटी घेतली नव्हती. आईवर त्याने हात उचललाच नव्हता.

जखम कशी झाली, ते हाड सांगतं. हात कोणाच्या डोक्यासाठी वर गेला, ते सांगत नाही. मी मोडलेल्या हातापाशी थांबले होते आणि धड हात पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता. त्यानंतर जखमी माणसाला भेटले की त्याने कोणाला धरून ठेवलंय, हेही मी बघू लागले.

फिर्याद मी सुनेला वाचून दाखवली. म्हातारी छताकडे बघत ऐकत होती. सुनेने पेन हातात घेतलं, खाली वाकून सही केली.

तेव्हा म्हातारीने पदर सोडला.