पदराच्या तीन गाठी

खामगावात आमच्या घराची पुढची खोली हेच माझं दुकान. तिथे मी जुन्या कपड्यांचे नवे कपडे करते. शालूचा नातीला फ्रॉक, दोन फाटक्या साड्यांचा एक पंजाबी ड्रेस, गेलेल्या माणसाच्या शर्टांच्या उशीच्या खोळी. शेगावपासून बायका पिशव्या भरभरून आणतात आणि म्हणतात, "आईची आठवण आहे हो, जपून कापा." मी त्यांच्यावर खेकसायचे. कापायचं म्हणजे कापायचं, त्यात जपून काय? असा माझा तोरा होता. तो आता पुरता उतरला आहे.

हातात कात्री मला आईनंच दिली. ती गावाकडे जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची. गाठी, थिगळं, उलटा टाका, सगळं तिचंच शिकवलेलं. तिचा एक नियम होता. लुगड्याची मालकीण हयात असेल तर तिच्या पदराला कात्री लावायची नाही. पदर अख्खाच वेगळा काढायचा आणि घडी करून पेटीत ठेवायचा. "पदर बाईचा असते. बाकीचं काय, कापडच," असं म्हणायची. मी हसायचे. लुगड्यातला सगळ्यात देखणा भाग ही पेटीत कोंबते, याचं मला वाईट वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी तिचं विसरणं वाढलं आणि मी तिला माझ्याकडे आणलं. जेवली की नाही ते तिला आठवत नसे. हंगामात जिनिंगच्या कारखान्यातला कापूस उडून खिडकीत आला की कोणाच्या शेतातला आहे म्हणून विचारायची. भाऊ मलकापूरहून भेटायला आला तर त्याला ओळखायला तिला अर्धा दिवस लागायचा. मला मात्र ती ओळखायची. सकाळी चहा घेऊन गेले की जरा वेळ माझ्याकडे बघायची, हातानं पदर चाचपायची आणि म्हणायची, "मोठी. मायी मोठी पोरगी." एवढ्यावर माझा दिवस निघायचा. भावाचं तोंड पडायचं आणि मला आतून बरं वाटायचं, हे कबूल करते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की हेही जाईल. मी मनाशी म्हटलं होतं, बघू कसं जातं ते.

तिच्या नेसायच्या लुगड्यांच्या पदराला, दोन्हीच्या, तीन-तीन गाठी होत्या. म्हातारपणाचा चाळा असेल असं मी समजले. धुतल्यावर तेवढाच भाग ओला राहायचा म्हणून माझी चिडचिड व्हायची.

मग एक दिवस न्हाणीघरात निऱ्यांत पाय अडकून ती पडली. हाड मोडलं नाही, पण कंबर काळीनिळी झाली. भाऊ म्हणाला, लुगडं बंद कर, बाजारातून दोन गाऊन आण. मला राग आला. सगळ्या गावाच्या जुन्या कपड्यांना मी रूप देते आणि माझ्या आईनं बाजारातला गाऊन घालायचा? तिच्याच लुगड्यांचे शिवीन, म्हणजे अंगावरचं कापड तरी तिचंच राहील. यात माझी चूक काय होती, हे मी अजून स्वतःला विचारते.

दोन दिवस मी त्या गाऊनांवर खपले. दुसऱ्या कोणासाठी एवढं बारीक काम मी केलेलं नाही. गळ्याला आणि बाह्यांना पदराचाच काठ हवा होता. नियम आठवला, नाही असं नाही. पण म्हटलं, तिचा पदर तिच्याच अंगावर जातोय, मग काय बिघडतं? गाठी इतक्या घट्ट होत्या की सुई घालून सोडवाव्या लागल्या. आत सुपारी, नाणं काही असेल म्हणून पाहिलं, काहीच नव्हतं. इस्त्री फिरवली, एक सुरकुती उरली नाही. मग कापलं.

तिला गाऊन घातला. शेजारीण म्हणाली, किती शोभून दिसते. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं. हात खांद्यावर गेला, छातीवरून खाली आला, मांडीवर फिरला, पुन्हा खांद्यावर गेला.

"काय पाह्यतं माय?"

"गाठ."

"कशाची गाठ?"

"अथी होती. पयली मोठीची. दुसरी लायन्याची. तिसरी त्यायची." त्यायची म्हणजे माझ्या वडिलांची, ते जाऊन बरीच वर्षं झाली. "हात लावला का आठोते मले. कोठी गेली व?"

"माय, मीच मोठी."

तिनं मान हलवली आणि पाहुणीला जागा द्यावी तशी खाटेवर थोडी सरकून बसली.

मी धावत पुढच्या खोलीत गेले. दुसऱ्या गाऊनचा गळा उसवला, चिंध्यांच्या टोपलीतून उरलेले तुकडे काढले, जोडून वीतभर पदर केला, त्याला तीन गाठी मारल्या आणि तिच्या हातात दिला. तिनं एकेक गाठ बोटांनी दाबून पाहिली. मग बाजूला ठेवत म्हणाली, "ह्या म्या नाही मारल्या."

भाऊ म्हणतो, हे होणारच होतं, गाठींचं निमित्त. असेलही. पण आजाराच्या हातात कात्री माझी होती, हे त्याला कोण सांगणार? या विद्येचा मला आता तिटकारा आला आहे. तरी शिवते, कारण दुसरं काही येत नाही.

काल दुपारी ती भिंत धरत दुकानात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. हातात तो वीतभर जोडलेला पदर होता.

"बाई, तुमी शिवता का?"

"हाव."

"राहू द्या मंग. मायी पोरगीबी शिवते, खामगावले. हे तिच्यापाशी धाडून द्या. कसंबी फाटलं तरी थे जोडून देते."

मी ते तिच्या हातातून घेतलं आणि म्हणाले, "देते धाडून."