गप केलेला गुडघा

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकेल. पण त्या आजीबद्दल लिहून ठेवते.

महाडच्या बाजारातून परतताना ती एसटीत शेजारी बसायची. पोलादपूरला दांडा धरून उलटी उतरायची, शिडीवरून उतरावं तशी. लेकाने मुंबईला नेऊन तिच्या गुडघ्याच्या दुखणं कळवणाऱ्या नसा सुईने जाळून आणल्या, तरी उतरणं उलटंच.

एकदा कंडक्टर हसला, "आजी, आता दुखत नाय ना? मग सरळ उतरा की."

"दुखत नाय, पण झिजलेला हायच. नुसता गप केलाय. गप हाय म्हणून त्याच्यावर किती भार टाकायचा रे?"

माझेही गुडघे दुखायचे, पण घरी मी बोलले नव्हते. त्या संध्याकाळी पाण्याचा हंडा खाली ठेवून सासूबाईंना सांगितलं.

"मग इतके दिवस गप का गो?" म्हणत त्यांनी हंडा उचलला.