घोरपडीशेजारची मी

बाळांनो, तुम्ही पाठवलेला घोरपडीचा फोटो पाहिला आणि तो कुजका वास पुन्हा नाकात भरला.

इंग्रजांच्या काळात माझा थोरला भाऊ, अण्णा, काचेच्या प्लेटवर फोटो काढायचा. आमच्या गुंजी गावाजवळच्या तळ्याकाठी गारठलेली घोरपड दगडावर ऊन खात पडली होती. तिची लांबी फोटोत कळावी म्हणून त्यानं मला तिच्याशेजारी बसवलं.

"हलू नकोस गं! शेवटची काच आहे."

तेवढ्यात घोरपडीनं मान झटकली आणि माझ्या परकरापुढेच ओकली. अर्धवट विरघळलेला बेडूक, माशांची आतडी, वर हिरवट चिकट पाणी.

"अण्णा, लई घाण मारतंय!"

"श्वास रोख, पण बस!"

फोटोसाठी कॅमेऱ्याचं झाकण काढलेलंच होतं, म्हणून मी बसले. घोरपड मात्र पळाली. घाबरली की पोट रिकामं करून ती हलकी होते, हे मी फार उशिरा वाचलं. त्यानं किळस काही कमी झाली नाही.

प्लेट धुतल्यावर हललेल्या घोरपडीच्या जागी नुसता धुरकट पट्टा निघाला. मी मात्र स्पष्ट होते, नाक मुरडलेली, दात विचकलेली. अण्णानं तोच फोटो भिंतीवर लावला. पाहुणे आले की फोटोतल्या माझ्यावर बोट ठेवून सांगायचा, "ही गुंजीची घोरपड."