तू हो पुढं, मी येते

आधीच सांगते, माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर हातात पेन आलं ते वाण्याच्या यादीपुरतं. चुका दिसतील त्या समजून घ्या. माझी मुलगी ज्योती म्हणाली, "आई, सिस्टरांबद्दल तू घरात इतकं बोलतेस, ते एकदा लिहून काढ. शुद्धलेखन मी बघते. पुरवणीला पाठवायचं की नाही, ते तू मग ठरव." मी अजून ठरवलेलं नाही. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, मग चारचौघांनी वाचायचं म्हणजे आणखीच अवघड. पण लिहायला बसले आहे. खुर्चीवर बसले आहे, हे सिस्टरांना आवडलं असतं.

गायकवाड सिस्टर गेल्या त्याला आता महिना होऊन गेला. नोकरीतून सुटल्यावर त्या एकट्याच राहायच्या आणि बिबवेवाडीतल्या आमच्या पोळी-भाजी केंद्रातून रोज संध्याकाळी तीन पोळ्या न्यायच्या. त्या दिवशी त्यांचं पुडकं फळीवर तसंच राहिलं. आमचे मालक देवधर काका घड्याळाकडे बघून म्हणाले, "सिस्टरांचा आज उपास दिसतोय." त्यांना टोमणा मारल्याशिवाय बोलता येत नाही. थोड्या वेळानं सिस्टरांच्या शेजारच्या बाई आल्या. दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या, "पोळ्या ठेवू नका हो आज. सिस्टर दुपारी झोपल्या, त्या उठल्याच नाहीत." काकांनी पुडकं उचललं, पुन्हा फळीवर ठेवलं. गिऱ्हाईक येत होतं, पोळ्या कमी पडत होत्या, तरी त्या तीन पोळ्या कोणी दुसऱ्याला दिल्या नाहीत...

त्यांची माझी ओळख झाली तो काळ आठवतो. आमच्या यांना कंपनीनं पैसे देऊन घरी बसवलं होतं, आणि त्याच सुमाराला आमच्या भागात कॉम्प्युटरवाली मुलं खोल्या घेऊन राहायला लागली होती. कुठली कुठली मुलं, नागपूरची, लातूरची, आंध्रातली. त्यांना स्वयंपाक येत नव्हता आणि पोळी मात्र गरम लागायची. काकांचं केंद्र त्यांच्यावरच वाढलं. आम्ही बायका मागच्या खोलीत जमिनीवर बसून पोळ्या लाटायचो. एक मांडी घातलेली, एक गुडघा वर, पुढ्यात पोळपाट, शेजारी बुटकी शेगडी. खाली बसायला लाकडी पाट. सकाळी बसलं की दुपार होईपर्यंत उठायचं नाही, पुन्हा संध्याकाळी तेच.

माझा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही. न सांगायला कारण होतं. माझ्या आधी तिथं शांताबाई होत्या. त्यांना बसल्यावर उठता येईना, तेव्हा काकांनी दिवाळीची साडी हातात ठेवून त्यांना घरी पाठवलं. काका वाईट नव्हते. साडी चांगली होती. पण मला साडी नको होती, काम हवं होतं. घरात तेवढीच एक मिळकत होती. म्हणून काम संपलं की मी मागे रेंगाळायची. "तू हो पुढं, मी येते," असं शेजारच्या विमलला म्हणायची. सगळ्या गेल्या की भिंतीला हात लावून, आधी दोन्ही हातापायांवर येऊन, मग हळूहळू उभी राहायची. आल्या-गेल्यांनी सांगितलेले सगळे उपाय केले. गरम मिठाची पोटली केली, एरंडाची पानं बांधली, चालणं तर बंदच केलं. गुडघ्यातलं वंगण संपतं, जपून वापरायचं, असं आमच्या चाळीत सगळ्यांचं मत होतं.

सिस्टर तेव्हा एका सरकारी दवाखान्यात नोकरीला होत्या. उंच, सावळ्या, केस घट्ट बांधलेले. पोळ्या भाजेपर्यंत दुकानात थांबायच्या ऐवजी सरळ आमच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि बघायच्या. काय बघतात ते कळायचं नाही, मला अवघडायला व्हायचं. एके दुपारी काम संपायच्या वेळेला त्या अशाच उभ्या होत्या. विमल मला म्हणाली, "तू हो पुढं." मी म्हटलं, "नाही, तू हो, मला पीठ झाकायचंय." पलीकडची कमल म्हणाली, "मी आपली सावकाश निघते, तुम्ही दोघी व्हा." आणि कोणीच उठेना. सिस्टर मोठ्यानं हसल्या. "अगं बायांनो, मी आठवडाभर बघतेय! रोज सगळ्या जणी एकमेकींना पुढं पाठवताय आणि जागची एकही हलत नाही. सगळ्यांचेच गुडघे गेलेत की काय?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. विमलचा चेहरा लाल झाला. मग कमल म्हणाली, "माझे दोन्ही..." आणि विमल म्हणाली, "मला वाटलं, माझाच." आम्ही वर्षभर मांडीला मांडी लावून बसत होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपलंच आहे, आणि ते लपलेलं आहे. मला अजून नवल वाटतं.

सिस्टरांचा स्वभावच असा चौकस. त्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी एक उंच खुर्ची होती. सुट्टीच्या दिवशी तिथं बसून त्या रस्त्यावरच्या माणसांची चाल बघायच्या. "ते बघ, तो रिक्षावाला. कंबर. त्या भाजीवाल्या मावशी, डावा खुबा." इतरांना जशी पक्ष्यांची हौस असते तशी त्यांना सांध्यांची. मी एकदा धीर करून विचारलं, "सिस्टर, तुम्हाला याचं एवढं काय?" त्या म्हणाल्या, "दवाखान्यात आम्हाला वर्षाची उद्दिष्टं येतात. लशी किती, हिवताप किती, ऑपरेशनं किती. गुडघ्याला रकानाच नाही. मी एकदा मीटिंगमध्ये उभी राहून विचारलं. मोठे डॉक्टर म्हणाले, सिस्टर, गुडघ्यानं कोणी मरत नाही."

"मग?"

"मग मी म्हटलं, मरत नाही म्हणूनच विचारतेय, सर. बाई मेली असती तर प्रश्न मिटला असता. ती पुढं वीस वर्षं जगायची आहे, ती कशी जगायची?"

त्यांना रकाना काही मिळाला नाही. पण एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना आठवड्यातून एकदा व्हरांड्यातला बाक वापरू दिला. तिथं त्या बायकांना आणि हमालांना एकच प्रश्न विचारायच्या. कुठं दुखतं, असं नाही. "दुखतंय म्हणून काय करायचं सोडलंयस?" आणि उत्तर आलं की म्हणायच्या, "ठरलं. तेच तुझं उद्दिष्ट."

आम्हालाही त्यांनी ते विचारलं. विमलनं पर्वतीवर जायचं सोडलं होतं. कमलला नातवाला उचलता येत नव्हतं. मला काही बोलता येईना. सिस्टर थांबल्या. त्यांना थांबता यायचं, हे त्यांचं वेगळेपण. शेवटी मी म्हटलं, "चारचौघांत बसल्यावर भिंत न धरता उठायचंय. आणि काम जाऊ द्यायचं नाहीये." त्या म्हणाल्या, "दुखणं पुरतं जाईल असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. पण ही दोन्ही होण्यासारखी आहेत."

मग त्या काकांशी भांडल्या. "यांना ओटा करून द्या. उभ्यानं लाटतील."

"पोळी उभ्यानं लाटतात, असं कुठल्या शास्त्रात आहे?" काका म्हणाले.

"तुम्ही गल्ल्यावर खुर्चीत बसता, ते कुठल्या शास्त्रात आहे?"

"खुर्ची माझी आहे."

"गुडघे त्यांचे आहेत. अहो, आणखी दोघी-तिघी घरी बसल्या तर तुमची कॉम्प्युटरवाली मुलं काय पीठ खाणार आहेत?"

हे मात्र काकांना पटलं. पंधरा दिवसांत कडप्प्याचा ओटा झाला. सिस्टरांनी गवंड्याला स्वतः उभं राहून उंची दाखवली. आणि आमचे हाल सुरू झाले. गुडघा बरा, पण खांदे भरून यायला लागले. लाटण्याला जोरच लागेना, पोळ्या जाड व्हायला लागल्या. मुलं तक्रार करू लागली. काका रोज एक जाड पोळी दोन बोटांत धरून यायचे आणि म्हणायचे, "ही पोळी की गादी?" विमल म्हणाली, "आपलं खाली बसलेलंच बरं होतं." मला रात्री झोप लागेना. साडी डोळ्यांपुढे दिसायला लागली.

सिस्टरांना सांगायचं कोणी? आमच्यासाठी त्या इतक्या भांडल्या होत्या. शेवटी मीच सांगितलं, शेगडीकडे बघत. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी पर्स खाली ठेवली, ओट्यापाशी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, एकदा स्वतःच्या कोपराकडे बघितलं, एकदा माझ्या. आणि कपाळावर हात मारून हसायला लागल्या. "अगं, मी गवंड्याला माझी उंची दिली! तुम्ही सगळ्या माझ्या खांद्याला लागता. बरं झालं सांगितलंस. नसतं सांगितलंस तर मला आयुष्यभर वाटलं असतं की ओटा चांगला झालाय." चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

ओटा फोडायला काका तयार होईनात. तेव्हा सिस्टरांनी कोपऱ्यातले आमचे बसायचे पाट ओढून आणले आणि ओट्याखाली ठेवले. "चढा." विमलला एक पाट पुरला, मला दोन लागले. काकांनी मग ते खिळ्यांनी एकमेकांवर ठोकून घेतले. ज्या पाटावर बसून गुडघा गेला, त्याच पाटावर मी उभी राहिले, आणि लाटणं पहिल्यासारखं फिरायला लागलं.

नुसत्या ओट्यानं भागलं नाही. मधल्या वेळात तेलाच्या डब्यावर बसायचं आणि पाय समोर सरळ धरायचा, तव्यावरची पोळी फुगेपर्यंत. मग दुसरा पाय, दुसरी पोळी. घरून येताना रिक्षा नाही, चालत. "वंगण संपेल," असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "गुडघा म्हणजे काय सायकल आहे? वापरलास तर टिकेल." जिन्याचंही त्यांनीच शिकवलं. चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा. पहिले काही महिने राग यायचा. मग एके दिवशी ज्योतीच्या शाळेत सतरंजीवर बसले होते, पालकसभा संपली आणि मी उठले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की भिंत माझ्यापासून लांब होती. ते सांगायला सिस्टरांच्या घरी गेले, तिन्ही मजले चढून. त्यांनी साखर माझ्या तोंडात घातली.

त्या दिवशी त्या प्रथमच स्वतःबद्दल बोलल्या. त्यांची मोठी बहीण धायरीला राहायची. "अक्का माझ्यावर रुसलीय," म्हणाल्या. "किती वर्षं झाली, या घरात आली नाही. मी गेले की बोलते, खायला घालते, पण ये म्हटलं की काहीतरी कारण काढते. मी काय बोलून गेले कोण जाणे." खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिल्या. मी उठून कपबशा विसळल्या. मला बोलता येत नाही.

त्या गेल्यावर त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आम्ही तिघी गेलो. काकाही आले, दारात चपला काढून अवघडून बसले. खोलीत सतरंजी अंथरली होती, त्यांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या होत्या. वंदना झाली, दोघं-तिघं त्यांच्याविषयी बोलले. खिडकीपाशी ती उंच खुर्ची तशीच होती, तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. सगळं झाल्यावर माणसं उठायला लागली. माझ्या शेजारी भिंतीला टेकून एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, नाकाडोळ्यांनी थेट सिस्टरांसारख्या. मी उठले तशा त्या घाईनं म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढं. मी बसते जरा."

ते वाक्य मी ओळखलं. आवाजसुद्धा तोच, आमचा, वर्षभर त्या खोलीत वापरलेला. त्यांचा एक हात मागच्या भिंतीवर होता.

मी पुन्हा खाली बसले. माझं मलाच नवल वाटलं, पण मी विचारलं, "अक्का, गुडघ्यामुळं काय करायचं राहिलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खोलीकडे, मग खुर्चीकडे. "हा जिना," म्हणाल्या. "तिला कसं सांगणार? अख्ख्या गावाचे पाय बघायची ती. म्हटली असती, माझीच बहीण अशी. ती आली की मी आधीच खुर्चीत बसून राहायची. चहासुद्धा सुनेला आणायला लावायची... आज भावाच्या पोरांनी दोन बाजूंनी धरून वर आणली."

सिस्टर रस्त्यावरचा रिक्षावाला ओळखायच्या आणि अक्का त्यांच्या डोळ्यांसमोर बसून राहायच्या. ज्यांनी आम्हा सगळ्यांचं लपवणं एका दुपारी पकडलं, त्यांना घरचं लपवणं रुसवा वाटलं. हे त्यांना कळलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? मला वाटतं, पर्स खाली ठेवून आधी कपाळावर हात मारला असता आणि मग त्या हसल्या असत्या. किंवा कदाचित नसत्याही हसल्या.

"मला घाई नाही," मी अक्कांना म्हटलं. "आपण बरोबर उठू." कुशीवर वळा, एक गुडघा टेका, दुसरं पाऊल जमिनीवर, हात स्वतःच्या मांडीवर. वेळ लागला. काकांनी उठून ती खिडकीची खुर्ची जवळ ओढली, अक्कांनी तिच्या पाठीला हात लावला आणि उभ्या राहिल्या. मग थोडा वेळ त्याच खुर्चीवर बसून त्यांनी खाली रस्ता बघितला. "इथून सगळं दिसतं की," म्हणाल्या.

जिना आम्ही दोघी बरोबर उतरलो, भाचे मागून. "चढताना चांगला, उतरताना दुखरा," मी प्रत्येक पायरीला म्हणत होते. खालच्या वळणावर त्या थांबल्या. "हे तुला तिनं शिकवलं?" मी मान हलवली. "मग म्हण," त्या म्हणाल्या, "थांबू नकोस."

केंद्रात आता नवीन मुली आल्या आहेत. माझे दोन पाट अजून तिथंच आहेत, काकांनी ठोकलेल्या खिळ्यांसकट, मधोमध माझ्या टाचांनी थोडे खोलगट झालेले. परवा नवी पोरगी म्हणाली, "मावशी, तुम्ही व्हा पुढं, मी येते." मी तिच्या पायांकडे बघितलं. तिला म्हटलं, "थांब, आलेच." आणि पाटावरून उतरले, उजवा पाय आधी.