डोंगरापलीकडचं अथेन्स

बाबा शाळेत इतिहास शिकवायचे. ग्रीस कधी पाहिलं नाही, पण अथेन्सची टेकडी, वरच्या देवळासकट, फळ्यावर अशी काढायचे, जणू कालच तिथून उतरून आलेत. नायगारा-बियगारा त्यांना नकोच होता. अमेरिकेत एडिसनला माझ्याकडे राहून भारतात परत जाताना चार दिवस अथेन्स, एवढंच त्यांनी मागितलं. माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं असेल.

पासपोर्टात अमेरिकेचा व्हिसा असला की पुढची दारं आपोआप उघडतात, अशी आपल्या लोकांची ठाम समजूत असते. माझीही होती. हॉटेल ठरवलं, त्यांना चढायला सोपे बूट घेतले, आणि मग कुठे ग्रीसच्या वकिलातीत फोन केला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, पाहुणे म्हणून आलेल्यांनी आपापल्या देशातूनच अर्ज करायचा. ऑफिस, ट्रेन, स्वयंपाक, आणि त्यात हे फोन. जो तो तेच सांगत होता. शेवटी वाद घालायचंही त्राण उरलं नाही.

मला मात्र व्हिसा लागत नाही. माझा पासपोर्ट अमेरिकन, आणि मला ग्रीसला जावंसं कधी वाटलेलंच नाही. याचा मला फार राग येतो. कुणावर काढायचा ते कळत नाही.

बाबांना सांगायचं म्हणून त्यांना जवळच्या डायनरमध्ये जेवायला घेऊन गेले. मालक ग्रीक. भिंतभर टेकडीवरचं ते देऊळ रंगवलेलं, पायथ्याशी निळाशार समुद्र. त्यांना कुठे आणून बसवलं, हे खुर्ची ओढल्यावर माझ्या लक्षात आलं.

"बाबा, अथेन्सचं कॅन्सल करावं लागेल. व्हिसा इथून मिळत नाहीये."

"बरं," ते म्हणाले. बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. "समुद्र एवढा जवळ नाहीये गं. चुकलंय." मग त्यांनी गार झालेल्या फ्राइज संपवल्या.

तरी मला राहवेना. शोधता शोधता अथेन्सला थांबून पुढे जाणारं एक विमान सापडलं. तासा-दोन तासांचा थांबा, तोही विमानतळाच्या आतच. निदान तिथली जमीन तरी बघतील, असं म्हणत मी तिकीट बदललं. बाबा नवे बूट घालूनच निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला जायच्या ट्रेनमध्ये होते, तेव्हा त्यांचा फोन आला.

"पोचलो अथेन्सला. काचेतून बघतोय."

"दिसतंय का काही?"

"डोंगर आहे समोर. बोडका, आपल्याकडच्यासारखाच."

"आणि टेकडी? देऊळ?"

"शहर या डोंगराच्या पलीकडे आहे. इथून नाही दिसत. मला ठाऊक होतं."

"मग आधी सांगितलं का नाही तुम्ही?"

"किती दमली होतीस तू," ते म्हणाले.