ज्याचा कोट त्यालाच

साताऱ्यात आम्ही दोघा भावांनी शिवणाचं दुकान काढलं, तेव्हा थोरल्याने एकच नियम घालून दिला: शिवलेला कपडा ज्याचा त्यालाच द्यायचा, तो कितीही उशिरा येवो. लढाईचे दिवस होते, कापड मिळत नव्हतं. रजेवर आलेल्या एका शिपायाला अचानक पलटणीत परत जावं लागलं आणि त्याचा कोट आमच्याकडेच राहिला. भाऊ सांगलीला गेला असताना मी तो एका नवरदेवाला विकला. "घरचे घेऊन गेले," असं भावाला सांगितलं.

मग त्या शिपायाची आई आली. पोरगा लढाईत कामी आला, म्हणाली. "त्येचा कोट तेवढा द्या."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"आई, तसाच दुसरा शिवून देतो," तो म्हणाला.

"दुसरा घिऊन काय करू, बाबा? त्यो त्येनं आंगात घालून बघितला व्हता का?"

"होय," मी म्हणालो. मीच घालून पाहिला होता त्याच्या अंगावर.

"मग त्योच हवा व्हता."

ती गेल्यावर भावाने विचारलं, "कुणाला दिलास?" परगावचा होता, ओळखीचा नव्हता, असं मी सांगितलं.

तो नवरदेव पलीकडच्याच गल्लीत राहत होता. कोट परत मागायची मला लाज वाटली.